बोट लावायचं नाही

इब्रीच्या सनायात दुपारी एक वाजता
उन्हात राहिलेला पान्हा
फडक्याशिवाय कुणी उचलत नाही.
पेट्रोलच्या टाकीचं झाकण सोडलं की
आधी वाफ बोलते,
एक लांब फुस्स,
सकाळपासून कुणी श्वास धरून बसल्यासारखी.
तोंड बाजूला घे, म्हणायचे हमदुले,
आणि बिडी त्या भिंतीपलीकडे.

डिझेलचं झाकण उघडा. काही नाही.
नुसता वास, शुक्रवारच्या आंघोळीलाही न जाणारा.
डिझेल म्हणजे आमच्या खाडीकडचं माणूस, म्हणायचे,
तापायला वेळ लागतो.
पेट्रोल म्हणजे माझा मेहुणा.

खलफान म्हाताऱ्याची पिकअप
माझ्याच वयाची, कार्बोरेटरवाली,
ढंकच्या रस्त्याला चढावर बंद पडली,
मागे तीन शेळ्या.
टाकी अर्धी भरलेली, पंप चांगला,
फिल्टर मीच महिन्यापूर्वी बदललेला.
तरी पेट्रोल पोचत नव्हतं.
मधल्या नळीतच उकळून त्याची वाफ झालेली
आणि पंप आपला वाफच ओढत बसलेला,
रिकाम्या पेल्यातून घोट घ्यावेत तसा.
हमदुल्यांनी डोक्याचा रुमाल भिजवून पंपावर टाकला.
नळीला कपडे वाळवायचे लाकडी चिमटे लावले, आठ.
मी विचारलं, चिमट्यांनी काय होतं?
काही नाही. गिऱ्हाइकाला वाटतं आपण काहीतरी करतोय.
काम करतो तो रुमाल, आणि थांबणं.

थांबलो.
खलफानने खजूर काढले, थर्मासातला कहवा ओतला.
शेळ्या सावलीला उतरवल्या, एकीने चिमटा चघळला.
वीस मिनिटांनी गाडी पहिल्याच चावीला सुरू.
म्हातारा पैसे काढू लागला.
हमदुले म्हणाले, निवल्याचे कसले पैसे.

डिझेलचं दुखणं वेगळं.
ते उकळत नाही, त्याची लाइन हवा घेते.
मग हातपंप मारायचा, अंगठा सुजेपर्यंत,
नट अर्धा आटा सैल,
फेस येतो, फेस, फेस,
मग बुडबुडे, एखादा चुकार बुडबुडा,
मग एकदम पिवळीधमक अखंड धार.
त्याच क्षणी आवळायचा.
यात एक सुख आहे,
घरी फोनवर सांगता न येणारं.

नव्या गाड्यांत मात्र जपून.
टायरात असतं अडीच बार,
या रेलमध्ये सोळाशे.
गळती दिसत नाही,
सुईच्या टोकाएवढं भोक, धुकंसुद्धा म्हणवत नाही.
हमदुल्यांनी ती एकदा बोटाने शोधली होती,
बुरैमीला, मी यायच्या आधी.
दुखलं नाही, म्हणाले. मुंगी चावली जणू.
त्याच हाताने जेवले.
रात्री बोट काळं पडलं.
डॉक्टरने विचारलं, किती वाजता लागलं?
आणि उत्तर ऐकून
आधी घड्याळाकडे पाहिलं.
उजव्या हाताचं पहिलं बोट
आता पहिल्या पेरावर संपतं.
नमाजात बसल्यावर उचलायचं तेच बोट.
उरलेलं पेर उचलायचे.

मे महिन्यात ते कायमचे गेले, गोवळकोटला.
आज पाण्याच्या टँकरखाली पुठ्ठा मी धरला,
घरून आलेल्या खोक्याचा.
त्यावर सुनंदाच्या अक्षरात माझं नाव,
पोस्ट बॉक्स, देश.
रेलच्या कडेने सरकवत गेलो.
नावावर काही नाही.
पोस्ट बॉक्सच्या आकड्यापाशी
एक ओला ठिपका उमटला,
आणि ठिपक्यातून आरपार रेघ,
पात्याने चिरल्यासारखी.

नवा पोरगा रुबेल वाकला,
"इधर?" म्हणत बोट पुढे केलं.
मी त्याच्या मनगटावर पान्हा मारला.
जोरात लागला.
दिवसभर बोलला नाही माझ्याशी.
चालेल.

इंजिन बंद केलं
आणि प्रेशर उतरेपर्यंत
दोघंही टँकरच्या सावलीत बसलो,
एकमेकांकडे पाठ करून.