ओलं दार

डुलुथमध्ये नोव्हेंबरात साडेचारलाच अंधार पडतो.
हॉगनांच्या तळघरात तो आधीपासूनच बसलेला असायचा
भट्टीच्या मागे, वॉशिंग मशीनच्या कुशीत,
आणि आम्ही पाचजण पत्त्यांच्या डुगडुगत्या टेबलाभोवती.
सन एकोणऐंशी. मी सोळा वर्षांची.
मुलगी एकटीच, म्हणून मशाल माझ्या हाती.
(मशाल धरणाऱ्याला ढाल धरता येत नाही, असा नियम होता.
कुठल्या पानावर, ते व्हर्लिनलाच ठाऊक.)

फासे आले ते आंधळे:
आकडे कोरलेले, पण रंग नाही.
सोबत पांढऱ्या मेणखडूचा एक तुकडा.
एकेक आकडा खडूनं भरायचा, नखानं खरवडायचा,
पायमोज्यानं पुसायचा.
वीस बाजूंना दृष्टी यायला अख्खी संध्याकाळ गेली.

माझ्या कागदावर प्राणांच्या चौकटीत
इतक्यांदा खोडलं, लिहिलं, खोडलं
की तिथं भोक पडलं.
चार उरलेत की तीन?
आत बघावं तर टेबलाचं हिरवं रेक्झिन.

व्हर्लिन पुठ्ठ्याच्या आडोशामागून बोलायचा.
"दार आहे. ओकचं. ओलं."
बस्स, एवढंच. चित्र ज्याचं त्यानं काढायचं.
ओलं का, हे विचारायचं सुचलं नाही
म्हणून रॉजरचा पहिला योद्धा गेला.
दुसऱ्यानं विचारलं, आणि तोही गेला.
तिसऱ्याला रॉजरनं नावच दिलं नाही.
"जगला तर बारसं करू," म्हणाला,
आणि आम्ही हसून हसून
वरच्या मजल्यावरून शिव्या खाल्ल्या.

आता माझी नात सुनिवा टॅबलेटवर खेळते.
तिच्या तिरंदाजाला पहिल्या दानाआधीच
बालपण आहे, सावत्र भाऊ आहे, घोड्यांची भीती आहे.
आमच्यांना भूतकाळ जमवायला वेळच मिळत नसे,
ते आधीच मरत.
तिच्याकडे मरतानाही तीन दानं टाकायला मिळतात.
मी म्हटलं, हा काय खेळ? ही तर विमा पॉलिसी.

टेबलाच्या मधोमध एक कार्ड असतं.
कुणाला नकोसं झालं की त्यावर बोट ठेवायचं.
दृश्य तिथंच थांबतं. का, ते सांगावं लागत नाही.
मी हसले.
सुनिवा नाही हसली.

मग रात्री झोप येईना.

अर्लन आमच्यातला पाचवा.
त्याचे वडील लोखंडाच्या बोटीवर होते,
आदल्या वर्षी, नोव्हेंबरातच, सरोवरानं ठेवून घेतले.
त्या संध्याकाळी ते ओलं दार फुटलं,
खोलीत पाणी चढलं, आधी घोट्याला, मग छातीला,
व्हर्लिन चांगलं सांगायचा, फार चांगलं सांगायचा,
आणि अर्लन उठला.
"घरी काम आहे," म्हणाला.
आठ बाजूंचा फासा त्याच्या मुठीतच राहिला.
जिन्याच्या सोळा पायऱ्या. आम्ही ऐकल्या.
रॉजर म्हणाला, "आता त्याची तलवार कुणाला?"
आणि तलवार मी घेतली.

पुढं तो आला नाही. आम्हीही गेलो नाही.
डब्यातला तो संच अजून एकानं कमी आहे.

काल सुनिवानं मला खेळायला बसवलं.
खेळवणारा मुलगा एकोणीसचा, नाकात रिंग.
त्यानं पडद्यावर रंगीत नकाशा उघडला,
कुठूनतरी थेंबांचा आवाजही लावला.
"समोर दार आहे."

बोटं मेणखडूसाठी शिवशिवली, खोटं कशाला बोलू.
ते तळघर मला अजून हवंय, भट्टीसकट.

पण मी विचारलं,
"ओलं आहे का?"

त्यानं टॅबलेटवर बोट फिरवलं, वर, खाली.
"तसं काही लिहिलेलं नाही," म्हणाला.
मग माझ्याकडे बघितलं,
आणि टेबलावरचं ते कार्ड
न बोलता, थोडंसं,
माझ्या बाजूला सरकवलं.