खरड छाटणी

एप्रिलात पिंपळगावच्या बागा पाहिल्यास
तर वाटेल, कुणी राग काढलाय वेलींवर.
नुसत्या तारा, उघडे ओलांडे,
खाली कापलेल्या काड्यांचा ढीग.

त्या उन्हाळ्यात मी लॅबमध्ये
पानांचे देठ धूत होते, वाळवत होते, दळत होते.
पगार नाही. दुपारचं जेवण आणि शेवटी सर्टिफिकेट.
नत्र, स्फुरद, पालाश : वहीत तीन रकाने,
चौथ्यात पेन्सिलीनं तुझ्या शिफ्ट.

तू अंबडला, ट्रान्सफॉर्मरच्या टेस्टिंगला.
महिना आठ हजार आणि एक निळा कोट
ज्याच्या खिशावर आधीच्या पोराचं नाव होतं,
डी. एल. गांगुर्डे.
सगळे तुला गांगुर्डेच म्हणायचे.
तू एकदाही दुरुस्त केलं नाहीस.
भांडण झालं की मीही म्हणायचे,
अहो गांगुर्डे, जरा ऐकता का?

बुधवारी टर्फ.
रात्री अकरानंतर भाव उतरतो म्हणून अकरानंतर.
जाळीच्या आत आठ जण,
जाळीबाहेर एक कुत्रं आणि कारभारीकाका वॉचमन,
कुणी न सांगता दर वाइडला हात पसरणारे.
नियम एवढाच, जाळीला थेट लागला की आउट.
तू दर वेळी जाळीलाच मारलास.
मी फिरकी टाकायचे, हळू, इतकी हळू
की तू म्हणायचास, बॉल येईस्तोवर
माझी सेकंड शिफ्ट लागेल.
मग जाळी. मग काकांचं बोट, वर.

रविवारी तुझ्या आतेभावाची स्कूटर.
तिचा पेट्रोलचा काटा कायमचा पाऊण टाकीवर अडकलेला,
आणि तू त्याच्यावर दर वेळी विश्वास ठेवायचास.
सोमेश्वरला गेलो तेव्हा धबधब्यात नुसते दगड,
तरी कणीस खाऊन, फोटो काढून आलो.
रामशेजवर पहाटे चढलो,
टाक्यातल्या पाण्यात तुझी टोपी पडली, ती तिथेच.
उतरून आशेवाडी सोडली
आणि पाऊण टाकी संपली.

पेठ रोडनं ढकलत निघालो. अकराचं ऊन.
तू हँडल, मी मागून.
एका बागेत बाई फुटवे खुडत होत्या,
त्यांनी पाणी दिलं, तांब्या भरून.
तू विचारलंस, आता द्राक्षं कधी?
मी परीक्षेतल्यासारखं सांगितलं :
ही छाटणी फळाची नसते, काडीची असते.
घड डोळ्याच्या आत आत्ता ठरतो,
बाहेर यायला ऑक्टोबरची छाटणी लागते.
बाई म्हणाल्या, ठरतो म्हनं.
मागल्या साली बी ठरलाच व्हता.
आणि पुढच्या वेलीकडे गेल्या.

त्यानंतर म्हसरूळचा फाटा येईपर्यंत
आपण काही बोललो नाही.
मग तू म्हणालास, चाकणहून मेल आलाय.
कधी?
गुरुवारी.
म्हणजे बुधवारच्या मॅचनंतर आणि या रविवारच्या आधी,
तीन दिवस तू ते खिशात घेऊन हिंडलास,
गांगुर्डेच्या खिशात.
मीही राहुरीचं सांगितलं नव्हतं.
स्कूटर ढकलताना एक बरं असतं,
मागच्याला पुढच्याचा चेहरा दिसत नाही.

शेवटच्या बुधवारी तू पहिल्यांदा
चेंडू खाली ठेवलास, जमिनीलगत, एकेक धाव.
कुणाला आवडलं नाही.
कारभारीकाका म्हणाले, आज खेळता का मोजता?

शनिवारी सुलभाताईंनी
एक डोळा ब्लेडनं चिरून काचेवर ठेवला,
म्हणाल्या, जायच्या आधी बघून जा.
तुला फोन लावला. तू लाइनवर होतास, लागला नाही.
वाकले. आधी नुसतं हिरवट धुकं,
मग स्क्रू फिरवत गेले तसा
मोहरीहूनही बारीक काहीतरी, पांढरट, एका बाजूला कललेलं.
दिसतंय का? ताईंनी विचारलं.
म्हटलं, थांबा हं,
अजून नीट बघते.