कापलेल्या कडा

मत्रहच्या गल्लीत, आमच्या फ्रेमच्या दुकानात
काल एक जपानी चित्र आलं, लाकडी ठशाचं.
पुढ्यात पाइनचं खोड, इतकं जवळ
की वरून कापलंय, खालूनही,
आणि त्याच्या बेचक्यातून पार पलीकडे
नखाएवढी होडी.

रस्त्याकडेच्या दुकानांच्या दोन्ही ओळी
एका टिंबाकडे निघालेल्या, शहाण्या पोरांसारख्या.
हे डचांच्या चित्रांवरून उचललेलं, गिऱ्हाईक म्हणालं,
निळाही परकाच, बर्लिनचा, जहाजातून उतरलेला.
डोंगर तेवढा टिंबाचं ऐकत नाही.
बाजूला बसलाय, आपल्याच मापाचा.

परकारशेठ म्हणाले, कडेचा मळका भाग माउंटखाली दडव.
पट्टी लावली, ब्लेड टेकवलं,
तर कोपऱ्यात काटकोनाची पुसट खूण.
दर रंगाला कागद इथेच टेकवत असणार,
म्हणून निळा निळ्याच्या जागी पडला.
मी दोन मिलिमीटर मागे सरलो.
शेठना सांगितलं नाही.

दुपारी शटर अर्धं ओढून बसलो तर
तस्नीमचा व्हिडिओ कॉल.
तिला फोन धरता येत नाही अजून,
सगळा पडदा तिच्या कानाचा,
कानातल्या लाल मण्याचा.
कानामागे दाभोळची खाडी, जेटीचा तुकडा,
आणि तांदळाच्या दाण्याएवढी माझी आई
सुकत घातलेले बोंबील उलटतेय.

"नीट धर गो," बायको कुठूनतरी ओरडली.
मी म्हटलं, नको.
फोन चित्राशेजारी टेकवून ठेवला,
आणि डबा उघडला.