एक वीत चार बोटं

कुडाळच्या एमआयडीसीत, गोडाऊनच्या पाठीमागे
काळ्या पडलेल्या पॅलेटी रचल्या होत्या.
वॉचमन म्हणाला, ने, नाहीतर शेकोटीत जातील.
एक उचलली. टेम्पोत टाकली.
मठच्या वळणांवर ती मागे खडखडत राहिली,
अंगावरचं सामान अजून उतरायचंच असल्यासारखी.

खिळे निघेनात.
पिळाचे खिळे, मशीनने मारलेले.
माणसाने मारलेला खिळा थोडा तरी वाकडा जातो,
त्याला कुठून धरायचं ते समजतं.
हे सरळ.
दोन फळ्या उभ्या चिरल्या.
तिसरीला पहार बाजूला ठेवली,
फटीतून करवतीचं पातं घातलं, खिळाच कापला.
मुंडकं राहिलं फळीत. राहू दे.

रंधा मारला तसा वास सुटला.
फणसाचा नाही, किंजळीचाही नाही,
औषधाच्या बाटलीचं बूच काढावं तसा.
एका ठोकळ्यावर शिक्का : गव्हाची लोंबी,
दोन अक्षरं, कुठल्यातरी देशाचा आकडा.
वॉचमन सांगत होता, भाजून काढलेलं लाकूड, कीड लागत नाही.
म्हटलं, आमच्या खाऱ्या वाऱ्याला विचारू.
काजूच्या टरफलांचं तेल दोनदा दिलं,
आजोबा होडीला देत तसं.
बोटांची सालं आठवडाभर निघत होती.

माप आधीच घेतलेलं होतं, नजरेने.
वेंगुर्ल्याच्या बाजारात बर्फ टाकायला जातो तेव्हा रोज दिसायचं :
आई उठताना एक हात टोपलीच्या काठावर,
दुसरा द्रौपदीमावशीच्या खांद्यावर,
आणि मध्ये एक क्षण,
ज्यात दोन्ही हात पुरत नाहीत.
एक वीत चार बोटं. एवढंच वर.
जास्त झालं तर आडाळ्यावर सुरमई कापायला वाकता यायचं नाही.

पाट म्हणावा तर उंच, स्टूल म्हणावं तर बुटकं.
वर तीन फळ्या, पाणी निथळायला बोटभर फटी.
एक पाय आखूड झाला. खाली चपलेचा तुकडा ठोकला.

आईने सांध्यात नख घालून बघितलं,
सरंग्याचा कल्ला उचलून बघते तसं.
मग त्याच्यावर पाण्याची बादली ठेवली.
बस ना, म्हटलं.
"मी एकटी वर बसू? आणि ह्यो?"
ओळीत सगळ्या जमिनीवर : द्रौपदीमावशी,
कुबलांची शेवंती, पास्कीन, पलीकडे गिरपांच्या दोन सुना.
"गिरायक आधी माझ्याकडेच येतला.
मगे हेंनी काय करूचा?"

बादली महिनाभर ऐटीत बसली.

बोटी बंद झाल्या, बर्फाची फॅक्टरी अर्ध्यावर आली.
परत कुडाळ. वॉचमनने या वेळी चहाचे पैसे मागितले.
प्रत्येकीचं माप घ्यायला गेलो
तर एकही बसून दाखवेना.
तुझ्या आईचं ता आमचा, म्हणाल्या.
पास्कीन ताडासारखी, तिचे गुडघे हनुवटीला लागणार,
सांगून बघितलं. लागू देत, म्हणाली.

नारळी पौर्णिमेनंतर बाजार भरला.
सहाजणी एक वीत चार बोटं वर.
कोणाच्या लक्षात आलं नाही.
एका गिऱ्हाइकाने फक्त विचारलं,
आज टोपल्या खाली का ठेवल्यात?

संध्याकाळी पाट धुऊन भिंतीशी उभे करतात.
वाचता कोणालाच येत नाहीत ती अक्षरं,
पण आपापला शिक्का प्रत्येकीला ठाऊक आहे.
आईने आखूड पायाचाच ठेवून घेतला.
मी सरळ करून देतो म्हटलं तर नको म्हणाली,
डुलतो तेव्हा झोप येत नाही.

उठताना तिचा हात
अजून द्रौपदीमावशीचा खांदा शोधतो.
खांदा होता तिथेच आहे.
तीही तेवढीच वर आलीय.