उणे दोन

सप्टेंबरात रोवलेले खांब नुसते उभे आहेत, वर काहीच नाही.
क्रेनचं भाडं तेवढं रोज चढतंय.
याकुत्स्कात आज हवा उणे एकेचाळीस,
आणि तुयारा नळीतून तापमापक वर ओढते
तर जमीन म्हणते, उणे अर्धा.
कागदावर उणे दोन हवेत.

ठेकेदार फोनवर : सही करून टाक, बाई,
हजारो वर्षं गोठलेली जमीन, ती काय पळून जातेय?

पळतेच की.
मागच्या गल्लीतली नऊ नंबरची इमारत बघा.
गरम पाण्याचा नळ गळत होता तळात,
दोन हिवाळे कुणी वाकून पाहिलं नाही.
आता तिच्या भिंतीत कोपरापर्यंत हात जातो.

प्रोकोपी वेल्डर, महिन्यात चार वाक्यं बोलणारा,
फावडं घेऊन आला. म्हणाला,
खांबांमध्ये गुडघाभर बर्फ साचलाय.
जमिनीला गोधडी पांघरलीत,
मग थंडी आत शिरणार कुठून?

आम्ही हसलो.
मग उपसायला लागलो.
चौदा माणसं, पापण्या चिकटलेल्या,
जिच्या तोंडावर जन्मभर दारं लावली
तिलाच वाट करून देत होतो,
ये बाई, खाली ये, अजून खाली.

तीन आठवडे झाले. आज नळीत उणे एक, वर थोडं.
तुयारानं आकडा वहीत लिहिला,
पेन काखेत धरून शाई वितळवली,
सही केली नाही.

क्रेनवाला केबिनमध्ये घोरतोय.
घोरू दे.