वाहन: बेडूक

पंचांगात छापलंय:
आश्लेषा नक्षत्र, वाहन बेडूक.
म्हणजे पाऊस भरपूर, बाबा सांगायचे,
आणि पानाचा कोपरा दुमडून
पंचांग पुन्हा खिळ्याला अडकवायचे.
मागच्या वर्षी म्हैस होती. त्याआधी कोल्हा.

हातोदच्या नाक्यावर आमचं दुकान,
इंदूरहून येताना डाव्या हाताला:
फवारणीचे पंप दुरुस्त करून मिळतील.
बाबांची अठ्ठावीस वर्षं, मग माझी अकरा.
झाकण उघडायच्या आधीच नाकाला कळतं
टाकीत काय होतं,
लसणाचा वास, सडक्या कोबीचा,
आणि एक गोडसर, त्याचीच मला सगळ्यात भीती.
नोझल सुईनं मोकळं करायचं,
वायसर बदलायचा, टाकी खंगाळायची,
पाणी मागच्या खड्ड्यात.

मागच्या खड्ड्यात.
हे रजिस्टरात कधीच लिहिलं नाही.

त्याच खड्ड्यात माझ्या लहानपणी
पिवळेधमक बेडूक जमायचे, हळद लागल्यासारखे,
गळ्याशी दोन निळे फुगे,
अख्खी वरात नवरदेवांची.
बाबा काठी आपटत मागच्या दारी जायचे.
ते गप्प.
बाबा अंथरुणाशी पोचले की पुन्हा डराव.

कधी थांबले, कुणी टिपलं नाही.
आवाज बंद झाल्याला तारीख नसते.
झोप चांगली लागायला लागली, एवढंच आठवतं.

साबिरची मुलगी नववीत आहे, बापाचा डबा घेऊन येते.
तिनं खड्ड्याच्या काठावरून एक उचलला,
बोटाच्या पेराएवढा, शेपूट अजून गळायची होती.
म्हणाली, दीदी, हे तोंडानं पाणी पीत नाहीत,
कातडीनं पितात.
म्हणजे ज्यात बसतो
ते सगळं.
तो तिच्या तळहातावर बराच वेळ बसून होता.
नंतर नुसताच होता.

आता धुवण खड्ड्यात जात नाही.
ज्याचा पंप, त्याच्याच टाकीत परत देते:
तुझं औषध, तुझ्याच पिकावर मार.
आणि एक सौदा:
वायसर फुकट, नळीही फुकट,
फक्त ओढ्याकाठचे आठ तास फवारायचे नाहीत.

भेरूलाल आंजना पोट धरून हसला.
"मेंढकी को भी ज़ुकाम हो गया, बाईसाब?"
मग म्हणाला, आठ घंटे ना? ठीक है, शाम को मार दूंगा.
माझ्या हिंदीत मराठी तास घुसला होता
आणि त्याला इंदूरच्या बाजारातला, घड्याळातलाच ठाऊक.
मी चपलेच्या टोकानं धुळीत
आठ रेघा ओढल्या.
तो वाकून बघत राहिला.
उंटअळीला तुमच्या रेघा कळतात का, बाईसाब?
नाही कळत, मी म्हटलं.
तिथे सोयाबीन कमी येईल?
येईल कदाचित.
त्यानं पायानं तीन रेघा पुसल्या
आणि पंप खांद्याला लावून गेला.

कमलसिंह सोलंकीनं ऐकूनही घेतलं नाही.
तो आता देपालपूरला पंप नेतो,
जाताना दुकानासमोर मुद्दाम हॉर्न वाजवतो.
एका मोसमात सहा गिऱ्हाइकं गेली.
साबिर काही बोलत नाही, वायसर मोजून ठेवतो.

रजिस्टरात शेवटचा रकाना 'शेरा' होता,
चाळीस वर्षं जवळजवळ कोराच.
त्यात आता मी लिहिते:

चौदा ऑगस्ट. पंप तीन.
एक गळती, एक पट्टा, एक नोझल.
रात्री सव्वानऊ, भेरूलालच्या पाच तासांकडून
आवाज: एक.
खरखरीत, जणू कोरडं वायसर.
पुन्हा तोच.
मग पलीकडून दुसरा,
किंवा ट्रक गेला असेल.

परवा मघा लागतील.
वाहन अजून पाहिलेलं नाही.