भोकाचा पैसा

तळ उचकटला तेव्हा कळलं,
किती वर्षं आम्ही कुजक्यावर उभे होतो.
प्लायवूड हातात येत होतं भिजल्या पोळीसारखं.
स्क्रू उरलेच नव्हते, होते त्यांचे तांबूस डाग.
खाली फोम, पाणी पिऊन पिऊन दगड झालेला.
हिरामण एकेक लादी बांधावर फेकत म्हणाला,
"म्हणून जड चालत होती.
दोन पाहुणे फुकट नेत होतो रोज, धरणभर."

मग निघालं :
शिशाचे सात मणी,
जाळं विणायची सुई,
कोण्या लेकराची एकच चप्पल,
खवले. खवले. पुन्हा खवले.
आणि मधोमध, बाबा बसतात त्या जागी,
हिरवा पडलेला भोकाचा पैसा.

उचलला, तर खाली पत्रा नव्हता.
पैशाएवढी जमीन दिसली
आणि तिच्यावरून चाललेली एक मुंगी.

दुर्योधन वेल्डिंगवाल्यानं चष्मा कपाळावर चढवला.
"तांबा आन् जर्मन एका ताटात जेवत नाही, बाई.
पानी भेटलं का तांबा जर्मनले खाते.
हळूहळू खाते. आवाज नाही करत."

मला आठवलं, होडी आली तो दिवस.
संस्थेतल्या सगळ्यांच्या लाकडी डोंग्या,
त्यांत ही एकटीच पांढरी, उन्हात डोळे दिपवणारी.
मायनं नारळ फोडला, कुंकू लावलं,
गळ्यातल्या काळ्या दोऱ्यातून
तिच्या मायचा पैसा सोडवला
आणि फटीतून आत सरकवला,
बुडू नये म्हणून.

अठरा वर्षं बाबा डालड्याच्या डब्यानं पाणी उपसत राहिले.
रिबिटांना शिव्या दिल्या, सोसायटीला दिल्या,
एकदा तर इटियाडोहालाही दिल्या.
मायला कधी नाही.

दुर्योधननं भोक बुजवलं.
रिबिटं तपासायला आम्ही होडी कोरड्यावरच पाण्यानं भरली.
पोरं जमली. हसली.
पाणी होडीत, होडी बांधावर!
मी पोटाखाली सरपटत गेले खडू घेऊन :
जिथे थेंब, तिथे गोल.
चार गोल. जास्त नव्हते तसे.
हिरामण आतून हातोडा मारायचा,
मी बाहेरून लोखंड दाबून धरायचे,
दर ठोक्याला दाढा वाजायच्या.

नव्या तळाला पैसे नव्हते.
नाटक मंडळानं जुना रंगमंच मोडीत काढला होता,
त्यातल्या नऊ फळ्या आणल्या, बीजाच्या.
एकीवर अजून लाल रंग.
हिच्यावर राजा मरायचा, हिरामण म्हणाला,
थंडीच्या दिवसांत, एका रात्रीत तीनदा,
कारण लोक ओरडायचे, "पुन्हा मर!"
आता हिच्यावर मरळ तडफडेल.
तीही पुन्हा मरत असेल का, कोण जाणे.

फळ्यांखाली सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या दिल्या,
लाकूड पत्र्याला भिडू नये म्हणून.
मधली फळी सुटी ठेवली.
काही गोष्टी उचलून बघता आल्या पाहिजेत.

संध्याकाळी माय झिंगे निवडत होती.
मान वर न करता म्हणाली,
"पैसा होता का?"
"होता."
"पाय बरं. म्हणून तं बुडली नाही इतके साल."
मी पदराची गाठ मुठीत धरली.
त्यात तो होता.
लुगड्याला तांबं चालतं.

सकाळी होडी पाण्यात टाकली.
दोन बोटं वर तरंगली, नव्या सुनेसारखी अवघडून.
बाबा गुडघे धरत धरत
आपल्या जागेवर बसले,
लाल फळीवर.
तळ कोरडा. डबा कोरडा.
धरणाच्या मध्यावर गेलो तेव्हा पाहिलं :
त्यांचा उजवा हात
खाली जातो आहे, वर येतो आहे,
काठाबाहेर काहीच ओतत नाही आहे.
हिरामण वल्हं थांबवून काही बोलणार होता.
मी मान हलवली.